आधी मोजा, मग बदला

(धानोरा, जि. नंदुरबार येथे शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बैठक कापसाची आहे आणि मी बोलायला उभा राहिलो आहे मोटारीच्या एका सेन्सरवर. मघाशी मागे बसलेल्या एका आबांनी मला विचारलेच, "भाऊ, आमच्याकडे गाडी कुठे आहे?" आबा, तुमच्या दारात नसेल, पण गल्लीत कोणाची तरी जुनी जीप, पिकअप, नाहीतर दुसऱ्या हाताची मोटार उभी असते. वेचणीच्या बाया तिच्यातून येतात, कापूस तिच्यातून जातो आणि अडलेली बाळंतीण रात्री तिच्यातूनच नंदुरबारला जाते. ती बंद पडली की खोळंबा एका घरचा नसतो.

दुसरे असे की, जे आज मोटारीत आहे ते ट्रॅक्टरमध्ये येऊन पोचलेच आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-सहा हे धुराचे नियम लागू झाले. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही कडक नियम लागले. हे नियम पाळायचे तर डिझेल किती आणि कधी फवारायचे ते मोजून ठरवावे लागते. मोजायचे म्हणजे सेन्सर आले. धूर कमी झाला तर चांगलेच आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण सेन्सर बिघडला की मालक आंधळा होतो, आणि आंधळ्या मालकाकडून कोणीही पैसे काढतो. माझ्याकडून काढले, म्हणून आज बोलतो आहे.

साडेतीन क्विंटल कापूस

२०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझी गाडी जुनी, डिझेलची. सकाळी एका सेल्फमध्ये चालू व्हायची. पंचवीस-तीस किलोमीटर गेले, इंजिन तापले, की चालता चालता बंद. ना आवाज, ना धूर. सेल्फ मारला की इंजिन फिरे, पण पेट घेत नसे. बॉनेट उघडून अर्धा तास झाडाखाली बसलो की पुन्हा जणू काही झालेच नाही.

मी गाडी शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. नाव घेत नाही, कारण मुद्दा नावाचा नाही. त्यांनी ती दोन दिवस ठेवून घेतली आणि सांगितले, "डिझेलचा पंप गेला." मी विचारले, कशावरून? ते म्हणाले, "अशा तक्रारीत पंपच असतो." बिल झाले २१ हजार ४०० रुपये.

घरात तेवढी रोकड नव्हती. धाकट्या भावाने साडेतीन क्विंटल कापूस खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याला ६ हजार २०० रुपये भावाने घातला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ७ हजार ५२१ रुपये. पंधरा दिवस वाळवून तोच माल सरकारी खरेदीला नेला असता, तर साडेचार हजारांवर जास्त मिळाले असते. म्हणजे पंपाची खरी किंमत २६ हजार झाली. आणि परत येताना, भावांनो, गाडी त्याच अंतरावर, तशीच बंद पडली. नव्या पंपासकट.

भाच्याने विचारलेला प्रश्न

माझा भाचा आयटीआयला मोटार मेकॅनिकचा कोर्स करतो. तो आला, सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "मामा, पंप बदलायच्या आधी कोणी काही मोजलं का?"

मी गप्प बसलो. कारण हाच प्रश्न मी आयुष्यभर तुम्हाला विचारत आलो आहे. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन मी चार वर्षे औषधाच्या धंद्यात काढली. कपाशीची पाने लाल पडली की शेतकरी पान घेऊन यायचा. लाल्या! आम्ही काउंटरवरूनच मॅग्नेशियमचे पुडके द्यायचो. पान लाल पडायला मॅग्नेशियमची कमतरता हे एक कारण आहे. बोंडे भरताना नत्र कमी पडले तरी पान लाल पडते. रात्रीची थंडी एकदम वाढली तरी पडते. तुडतुड्यांनी रस शोषला तरी कडा लाल होऊन पान वळते. पान उलटून पाहायला अर्धे मिनिट लागते. आम्ही ते उलटून पाहत नव्हतो, कारण पान उलटल्याने पुडके खपत नाही.

वर्कशॉपने माझ्या गाडीचे तेच केले. गाडी त्यांच्याकडे पोचेपर्यंत थंड झालेली होती. थंड गाडीत दोष दिसत नव्हता. मग अंदाजाने सगळ्यात महाग पुडके दिले.

दोन नांग्या पडलेली चकती

हा सेन्सर काय करतो ते नीट समजून घ्या. समजले की भीती जाते.

जुन्या डिझेल इंजिनात पंपच सगळे पाहत असे. इंजिनाशी गिअरने किंवा पट्ट्याने जोडलेला पंप, ठरलेल्या क्षणी नोझलला डिझेल पाठवी. मेंदू लोखंडातच होता. आपल्या शेजारी नाशिकला, सातपूरच्या मायको कारखान्यात असे नोझल पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले आणि आपल्या फिटर लोकांचे हात त्यावर तयार झाले. नव्या इंजिनात पंप फक्त दाब तयार करतो. नोझल कधी उघडायचा ते ईसीयू नावाची विजेची पेटी ठरवते. त्या पेटीला कळले पाहिजे की या क्षणी क्रँक कुठे आहे, पिस्टन वर येतो आहे की खाली जातो आहे. ते सांगतो तो क्रँक सेन्सर.

क्रँकबरोबर एक दातेरी चकती फिरते. बऱ्याच गाड्यांत तिच्यावर ६० दातांची जागा असते, पण दात असतात ५८. दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. कपाशीच्या ओळीत दोन ठिकाणी नांग्या पडाव्यात तसे. दातांसमोर साधारण एक मिलिमीटर अंतरावर सेन्सरचे टोक असते. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तारेचे वेटोळे. दात समोरून गेला की वेटोळ्यात विजेचा बारीक ठोका उठतो. ईसीयू ठोके मोजतो. एक दात म्हणजे ६ अंश. नांगी आली की त्याला कळते, फेरा इथून सुरू झाला. वर्तुळ ३६० अंशांचे, ६ गुणिले ६०. यात जादू काही नाही.

हा ठोका बंद झाला की ईसीयू डिझेल सोडतच नाही. पेट्रोलच्या गाडीत ठिणगीही पडत नाही. पंप नवा असो की जुना, इंजिन फिरेल पण पेट घेणार नाही.

माझ्या गाडीत काय झाले होते? वेटोळ्याची तार आत कुठेतरी तुटत आली होती. थंड असताना टोके एकमेकांना टेकत. इंजिन तापले की तार प्रसरण पावे आणि टोके सुटत. गार झाली की पुन्हा टेकत. म्हणून झाडाखालचा अर्धा तास हेच तिचे औषध होते.

कसे मोजायचे

भाच्याने तीन गोष्टी केल्या. त्या तुम्ही घरी करू शकता.

पहिली, बंद पडलेल्या अवस्थेत सेल्फ मारून डॅशबोर्डवरचा आरपीएमचा काटा पाहिला. इंजिन फिरत होते, पण काटा शून्यावरून हलला नाही. फिरणाऱ्या इंजिनाचा काटा हलत नसेल तर मोजणाऱ्यावर संशय घ्यावा. सगळ्याच गाड्यांत हे दिसते असे नाही, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका.

दुसरी, स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला छोटा स्कॅनर लावला आणि मोबाईलवर कोड वाचला. पी ०३३५. हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड आहे. शब्द नीट ऐका : सर्किटचा. कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असे नाही. सेन्सर, त्याचे सॉकेट, तिथून ईसीयूपर्यंतची वायर, यांपैकी काहीही असेल. गोठ्याजवळ उभ्या केलेल्या गाडीची वायर उंदराने कुरतडलेली असते, ती पाहायची कोणाला सुचत नाही. कोड म्हणजे लाल पान. तो पत्ता सांगतो, कारण सांगत नाही. आणि दोष अधूनमधून येत असेल तर कोड कधी कधी येतही नाही.

तिसरी आणि खरी, मीटर. मोटर जळाली की नाही ते पाहायला वायरमन वापरतो तोच. किल्ली बंद करून सेन्सरचे सॉकेट काढले आणि सेन्सरच्या दोन पिनांना मीटर लावला. गार असताना ८५० ओहम दाखवले. काही शे ते हजाराच्या आसपासचा आकडा अशा सेन्सरमध्ये बरोबर समजावा, नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. मग गाडी बंद पडेपर्यंत चालवली आणि तापलेल्या अवस्थेत लगेच पुन्हा लावला. मीटर काहीच दाखवेना. तार तुटलेली. ओले फडके सेन्सरवर धरले, पाच मिनिटांनी ८५० परत आले. दोषी सापडला, आणि त्याने कबुलीही दिली.

एक सावधगिरी. हे दोन पिनांच्या सेन्सरचे सांगितले. तीन पिनांचे वेगळ्या जातीचे असू शकतात. त्यांत आत छोटे सर्किट असते. त्यांना ओहमवर मोजू नका, ते बिघडतात आणि आकडाही खोटा मिळतो. तिथे किल्ली चालू करून सॉकेटमध्ये वीज आणि अर्थिंग येते का ते पाहावे.

बदलताना

सेन्सर आम्ही खळ्यातच बदलला. नवा आला ९०० रुपयांना. लागला दीड तास, त्यात एक तास जुना सैल होण्याची वाट पाहण्यात गेला.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. बॅटरीची काळी वायर आधी काढा. हा सेन्सर बहुधा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यापाशी, फ्लायव्हीलजवळ असतो. काही गाड्यांत पुढे पुलीजवळ. खाली शिरावे लागले तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नका, भक्कम स्टँड लावा. जॅक सरकला की माणूस जातो. ९०० रुपयांच्या कामासाठी घरचा माणूस घालवायचा नाही.

सेन्सरभोवतीची माती ब्रशने झाडा, नाहीतर ती भोकातून आत जाते. सॉकेटची कुलपी दाबून सॉकेट काढा, वायर धरून ओढू नका. एकच बोल्ट असतो, बहुधा १० नंबरच्या पान्याचा. बोल्ट निघाला तरी सेन्सर निघत नाही, वर्षानुवर्षे चिकटलेला असतो. तिथे स्क्रू ड्रायव्हर घालून उचकू नका, प्लास्टिक तुटते आणि अर्धा तुकडा आत राहतो. गंज सोडवायचे तेल टाका, चहा प्या, मग हाताने डावीउजवीकडे पिळत काढा.

नवा बसवण्याआधी जुन्याशेजारी ठेवा. भाग क्रमांक, टोकाची लांबी, पिना, सगळे जुळले पाहिजे. लांबी दोन मिलिमीटर जास्त असली तर टोक दातांवर घासेल, कमी असली तर ठोका पोचणार नाही. स्वस्तातला डुप्लिकेट इथेच मारतो. रबरी रिंगला इंजिन ऑइलचे बोट लावा, सेन्सर पूर्ण टेकेपर्यंत हाताने दाबा. बोल्टने ओढून बसवू नका. बोल्ट मनगटाच्या जोराने आवळा, खांद्याचा जोर लावला तर कान तुटतो. वायर पूर्वीच्याच वाटेने न्या, सायलेन्सरच्या पाइपाला आणि पट्ट्याला लागू देऊ नका. मग बॅटरी जोडा, कोड पुसा, गाडी चालू करा आणि तापेपर्यंत चालवून या. काही गाड्यांत नवा सेन्सर स्कॅनरने ईसीयूला ओळखवून द्यावा लागतो, एवढ्यापुरते मेकॅनिककडे जावे.

आणि जे करायचे नाही तेही सांगतो. नव्या डिझेल इंजिनाच्या नोझलच्या नळ्यांत हजार बारच्या वर दाब असतो. त्यांचे नट चालू इंजिनात सैल करू नका. जुन्या इंजिनाची हवा काढायची आपली सवय इथे जीवघेणी आहे. तिथली बारीक धार कातडी फोडून आत जाते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठावा लागतो. ब्रेक आणि एअरबॅगच्या वायरिंगलाही हात लावू नका.

मेकॅनिक आपला शत्रू नाही

माझे म्हणणे असे नाही की प्रत्येकाने पाने घेऊन गाडीखाली झोपावे. गावचा मेकॅनिक आपल्यातलाच आहे. बहुतेक वेळा कोरडवाहू शेतकऱ्याचाच पोरगा, दोन एकरांत भागेना म्हणून गॅरेज टाकलेला. त्यालाही कंपनी पुस्तक देत नाही, पूर्ण स्कॅनर देत नाही, मूळ पार्ट सहज देत नाही. तो अंदाजाने काम करतो, कारण मोजायचे साधन त्याच्या हाती येऊ दिलेले नाही. आपल्या हाताला भाव ठरवणे येऊ दिलेले नाही, तसेच हे.

ही तक्रार माझ्या एकट्याची नाही. २०११ मध्ये एका ग्राहकाने याच मुद्द्यावर भारतीय स्पर्धा आयोगाकडे धाव घेतली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २ हजार ५४४ कोटींवर दंड ठोठावला. सुटे भाग, तपासणीची साधने आणि दुरुस्तीची पुस्तके फक्त आपल्या डीलरांपुरती ठेवणे हा बाजारातल्या ताकदीचा गैरवापर आहे, असे आयोगाने म्हटले. बाहेरच्या मेकॅनिककडे गेलात म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका, असेही बजावले. कंपन्या अपिलात गेल्या, प्रकरण लांबले. पण तत्त्व कागदावर आले.

२०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केले. त्यात मोबाईल, घरची उपकरणे, मोटारी यांच्याबरोबर शेतीची अवजारे हे वेगळे क्षेत्र आहे. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, हेही लक्षात ठेवा. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने शेती यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. तिथल्या हजार एकरवाल्याला जे भांडून मिळवावे लागले, ते आपल्या पाच एकरवाल्याला कोणी घरपोच आणून देणार नाही.

आपल्या हातात आज जे आहे ते मात्र वापरू या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, ग्राहकाला द्यायची माहिती मुद्दाम दडवणे ही सेवेतली त्रुटी धरली आहे. बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, लिहून घ्या.

चार गोष्टी

जाताना चार गोष्टी ठरवून जाऊ.

एक, गॅरेजमध्ये गाडी दिली की कोड कागदावर लिहून मागायचा, आणि काय मोजले, किती आले, तेही.

दोन, बदललेला जुना भाग परत मागायचा आणि पक्के बिल घ्यायचे. मी पंप परत मागितला असता तर तो चांगला होता हे दाखवता आले असते. मी मागितला नाही. ती चूक माझी.

तीन, गावात वर्गणी काढून एक मीटर आणि एक साधा स्कॅनर घ्यायचा. दोन्ही मिळून फवारणीच्या एका चुकलेल्या औषधाएवढा खर्च आहे. आयटीआयला शिकणाऱ्या एका पोराकडे किंवा पोरीकडे तो ठेवायचा आणि त्या कामाचे त्याला पैसे द्यायचे, फुकट राबवायचे नाही.

चार, नवा ट्रॅक्टर घेणारा कोणी असेल तर त्याने सही करण्याआधी विचारायचे : दुरुस्तीचे पुस्तक देणार का? सेन्सर खुल्या बाजारात मिळतो का? पेरणीच्या दिवसात बंद पडला तर किती दिवसांत माणूस येणार? उत्तर लेखी घ्यायचे. ओल दोन दिवस थांबते, मेकॅनिक चार दिवसांनी येतो, आणि दादर पेरायची राहून जाते.

आबा, तुम्ही विचारले होते आमच्याकडे गाडी कुठे आहे. तुमच्याकडे कपाशी आहे. उद्या सकाळी शेतात गेलात आणि पान लाल दिसले, तर दुकानात जाण्याआधी एवढे करा. ते पान उलटून पाहा.